‘अजून फक्त दोन मिनिटं’

पत्राचा सारांश: पत्रलेखिका सव्वीस वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली. पुण्यात मानसशास्त्र घेऊन बी.ए., मग अमेरिकेत न्यूरोसायन्समध्ये एम.एस. सध्या तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात, लहान मुलांच्या मेंदूचे एमआरआय स्कॅन करणाऱ्या लॅबमध्ये ती संशोधन साहाय्यक आहे. कामाचं स्वरूप असं: पालकांना फोन करणं, तारखा जुळवणं, मुलांना सरावाच्या मशीनमध्ये झोपायला शिकवणं, कार्टून निवडून देणं, स्कॅन चालू असताना माइकवरून धीर देणं. घरचे म्हणतात, ‘एवढं शिकून परदेशात पोरं खेळवतेस.’ तिलाही तेच वाटू लागलं आहे. त्यात मागच्या वर्षीची एक घटना तिच्या डोक्यातून जात नाही. सात वर्षांचा एक मुलगा स्कॅनच्या मध्यावर म्हणाला, ‘मला बाहेर यायचंय.’ लॅब मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. हिने माइकवर सांगितलं, ‘अजून फक्त दोन मिनिटं.’ प्रत्यक्षात नऊ मिनिटं राहिली होती. मुलगा गप्प राहिला, स्कॅन स्वच्छ आला, सोमवारच्या मीटिंगमध्ये तिचं कौतुक झालं. यंदा दुसऱ्या वर्षीच्या स्कॅनसाठी फोन केला, तर त्याची आई म्हणाली, ‘तो यायला तयार नाही, पण मी आणते त्याला.’ तिचे प्रश्न: मी संशोधनासाठी फार हळवी आहे का? हे सोडून डेटा ॲनालिटिक्सकडे वळू का? आणि व्हिसाची टांगती तलवार असताना तोंड उघडावं का?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. व्हिसा, पीएच.डी., आईबाबा, आत्याचे टोमणे, यांवर तू भरभरून लिहिलं आहेस. त्या मुलावर मात्र सहाच ओळी आहेत. पण त्याच्या मोज्यांवर हिरवे डायनोसॉर होते आणि तो एक पाय दुसऱ्या पायावर सारखा घासत होता, हे त्या सहा ओळींत आहे. अशा लॅबमध्ये मी स्वतः तीन वर्षं काम केलंय. कंट्रोल रूमच्या काचेतून मुलाचे पाय तेवढेच नीट दिसतात, हे मला ठाऊक आहे. चेहरा आत, डोक्याभोवती कॉइलचा पिंजरा, अंगावर पांघरूण, आणि बाहेर दोन पाय. मूल रमलंय की कंटाळलंय की घाबरलंय, हे आपण त्या पायांवरून ओळखायला शिकतो. तू ते ओळखलंस. वर्ष उलटलं तरी मोज्यांचा रंग विसरली नाहीस. तुझा मूळ प्रश्न तिथेच आहे, बाकीचे त्याला येऊन चिकटलेत.

तेव्हा आधी हळवेपणाबद्दल. तुझ्या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे: खरा संशोधक मूल ‘नको’ म्हणालं तरी विरघळत नाही, काम पुरं करतो. हे तुला कोणी शिकवलं? ज्या देशात तू काम करतेस तिथल्या सरकारी नियमांनी तर नाही. मुलांवरच्या संशोधनासाठी अमेरिकेत 1983 पासून वेगळे नियम आहेत. आईवडिलांची परवानगी आणि मुलाची संमती या दोन गोष्टी त्यांत मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. मुलाची संमती म्हणजे काय, हेही तिथे लिहून ठेवलंय: मुलाने स्वतःहून होकार दिला पाहिजे, त्याने नुसता विरोध केला नाही, एवढ्यावरून तो तयार आहे असं धरायचं नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याची संमती घ्यायला सांगितलंय. म्हणजे तुझ्या पोटात जो खड्डा पडला, तो नियमाच्या पुस्तकात कलम म्हणून छापलेला आहे. तुझं मन बरोबर ठिकाणी दुखलं.

आता थोडं कठीण बोलते. तुझ्या पत्रात ‘मला करावं लागलं’ असं चार वेळा आलंय. मी ते पुन्हा पाहिलं. लॅब मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं, असं तू लिहिलंस. ‘दोन मिनिटं म्हणून सांग’ असं त्याने म्हटल्याचं तू कुठेही लिहिलेलं नाहीस. त्याने बहुधा फक्त घड्याळ पाहिलं. स्कॅनरचं भाडं तासावर असतं, पुढचं कुटुंब बाहेर येऊन बसलेलं असतं, ते घड्याळ सगळेच पाहतात. नऊची दोन मिनिटं तू केलीस. तुला अपराधी ठरवण्यासाठी मी हे म्हणत नाही. दोष ‘लॅबचं वातावरण’ नावाच्या कुठल्यातरी धुक्यावर टाकलास तर तुझ्या हातात काहीच उरत नाही. ते वाक्य तुझं होतं, म्हणून पुढच्या शनिवारी ते बदलणंही तुझ्या हातात आहे. आणि खरं सांगू का, असं वाक्य माझ्याही तोंडून गेलेलं आहे. ‘झालंच हं, आलंच’ असं मी एका आठ वर्षांच्या मुलीला म्हणाले होते आणि नंतर दोन आख्खे स्कॅन बाकी होते. बाहेर आल्यावर तिने मला काही विचारलं नाही, फक्त बूट घालताना माझा हात बाजूला सारला आणि लेस स्वतः बांधली. पुढचे कित्येक आठवडे माझ्या डोळ्यांसमोर ती लेस होती.

दुसरं गृहीतक: स्कॅन स्वच्छ आला, म्हणजे काम चांगलं झालं. यावर जरा थांबून विचार करू या, कारण मीटिंगमध्ये टाळ्या याच गोष्टीला मिळाल्या.

हे क्षेत्र माहीत नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. त्यामुळे ज्याला काहीही आजार नाही अशा मुलाचाही मेंदू संशोधनासाठी पाहता येतो. पण निरोगी मुलाला केवळ अभ्यासासाठी गुंगीचं औषध देत नाहीत. म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोराने जागेपणी, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण साठ हजार पट ताकदीच्या तीन टेस्लाच्या चुंबकात, कानांत बोळे घालून, शंभर डेसिबलच्या वर जाणाऱ्या ठकठकाटात निश्चल पडून राहायचं. मेंदूच्या रचनेचा एक चांगला स्कॅन पाच-सहा मिनिटांचा. मुलाने मधेच मान हलवली तर त्या चित्रावर पाण्यात खडा पडावा तशी वलयं उठतात. मेंदूचं काम चालू असतानाचे जे स्कॅन असतात, त्यांत तर अर्ध्या मिलिमीटरहून कमी हालचालीनेही घोळ होतो.

तो घोळ किती मोठा, हे 2012 मध्ये उघड झालं. त्याआधी काही वर्षं असं मानलं जात होतं की लहानपणी मेंदूतले जवळजवळचे भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले असतात आणि वय वाढतं तशी ती जवळची जोडणी सैल होऊन लांबच्या भागांची जोडणी पक्की होत जाते. कहाणी सुबक होती, पटणारी होती. मग सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्या गटाने ही मांडणी केली होती, त्याच गटाने स्वतःचा डेटा पुन्हा तपासला. डोक्याच्या बारीकशा हालचालीने नेमका तोच आकृतिबंध खोटा खोटा तयार होतो, असं दिसलं: जवळच्या जोडण्या फुगलेल्या, लांबच्या विरलेल्या. आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे ‘वाढ’ म्हणून जे दिसत होतं, त्यातला काही भाग निव्वळ चुळबुळ होती! हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनियातल्या गटांनीही त्याच वर्षी तेच दाखवलं. तेव्हापासून या क्षेत्रात हालचालीबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय कुणी पेपर पाठवत नाही.

हे सगळं तुला माहीत असणार, तरी सांगते आहे, कारण ‘पोरं खेळवणं’ या शब्दांचं उत्तर यातच आहे. जगातले उत्तम गणिती हलणाऱ्या डोक्याचा डेटा साफ करण्यासाठी वर्षानुवर्षं राबले. त्यांचं गणित चालतं ते डेटा आल्यानंतर. त्याच्या आधी, ते मूल बोगद्यात जाण्यापूर्वीच्या पाऊण तासात, सरावाच्या मशीनपाशी मांडी घालून बसलेली एक मुलगी असते. ती कसा आवाज येईल ते तोंडाने काढून दाखवते, ‘पुतळा पुतळा’ खेळते, कुठलं कार्टून लावलं तर हा हसून हलणार नाही आणि कंटाळून झोपणारही नाही याचा अंदाज घेते. त्या पाऊण तासात जे बिघडतं ते कुठल्याच सॉफ्टवेअरने पुरतं दुरुस्त होत नाही. तुझ्या आत्याला हे समजावायचं असेल तर एमआरआय राहू दे. अंगणवाडीताई वजनकाट्यावर रडतं मूल कसं उभं करते ते विचार. काटा ताईंनी बनवलेला नसतो, पण मूल टेकून उभं राहिलं तर रजिस्टरमधलं वजन खोटं असतं आणि त्या खोट्या वजनावर पुढे त्याचा आहार ठरतो. तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही बाईला हे एका मिनिटात कळेल.

पण नाण्याची दुसरी बाजू याच धाग्याला बांधलेली आहे. तुझ्या त्या मुलाचा स्कॅन हललेला नव्हता. मग तो ‘चांगला’ होता का? शेवटच्या नऊ मिनिटांत, तू लिहितेस त्याप्रमाणे, त्याला नुसतं पडून राहायला सांगितलेलं होतं. मेंदू निवांत असतो तेव्हा काय करतो, हे त्यात पाहायचं होतं. बाहेर यायचं असूनही आवाज न काढता पडून राहिलेलं मूल निवांत असतं का? हालचालीच्या आलेखावर त्याची रेघ सरळ दिसली असेल. ती रेघ शांततेची की धास्तीची, हे आलेख सांगत नाही. ते सांगणारी एकच व्यक्ती त्या खोलीत होती, पायांकडे पाहत बसलेली. तुझी ती जाणीव हाही डेटा आहे. ती मीटिंगपर्यंत पोचलीच नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

शिवाय हा एकदाच करून सोडून द्यायचा अभ्यास नाही. तेच मूल दरवर्षी आणायचं आणि त्याची वाढ त्याच्याच आधीच्या स्कॅनशी ताडून पाहायची, हा त्याचा गाभा. अमेरिकेत 2016 पासून चालू असलेल्या एबीसीडी या मुलांच्या मेंदूच्या वाढीच्या मोठ्या अभ्यासात एकवीस केंद्रांवर नऊ-दहा वर्षांची अकरा हजारांहून जास्त मुलं घेतली आणि दहा वर्षं त्यांचा माग ठेवायचं ठरलं. अशा कामात मूल परत येणं हेच भांडवल. मधेच गळणारं प्रत्येक मूल एक भोक ठेवून जातं. आणि ही गळती सगळ्या थरांतून सारखी होत नाही. ज्यांना स्थिर बसणं अवघड जातं, चंचलतेचा किंवा स्वमग्नतेचा त्रास आहे, ज्यांच्या घरून शनिवारी सकाळी गाडीने आणून सोडणारं कुणी नाही, तीच आधी गळतात. मागे उरतात ती शांत, सोयीच्या घरातली मुलं, आणि मग ‘मुलांचा मेंदू’ म्हणून त्यांचंच चित्र छापलं जातं. नऊ मिनिटं वाचवताना तुम्ही एका मुलाची पुढची वर्षं गमावली असावीत. हा हिशेब तुझ्या प्रमुखांना भावनेपेक्षा लवकर पटेल.

म्हणून माझं पहिलं सुचवणं: याच आठवड्यात त्यांच्याकडे अर्धा तास माग. तक्रार घेऊन जाऊ नकोस, कागद घेऊन जा. त्यावर घडलेली गोष्ट पाच-सहा वाक्यांत असू दे, तुझ्या चुकीसकट. ‘मी वेळ कमी सांगितली’ हे पहिलं वाक्य. ते तू स्वतः म्हणालीस की समोरच्याला बचावाला उभं राहावं लागत नाही, आणि बोलणं पुढे काय करायचं याकडे वळतं. त्याखाली तुला हवे असलेले बदल.

कोणते? मी केलेले आणि उपयोगी पडलेले सांगते. वेळ कायम खरी सांगायची, आणि मुलाच्या मापात सांगायची. सात वर्षांच्या मुलाला नऊ मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही. ‘हे कार्टून संपेल आणि पुढचं निम्मं होईल तेव्हा’ हे कळतं. दोन स्कॅनच्या मधल्या शांततेत दर वेळी प्रश्न विचारायचा, आणि ‘बरा आहेस ना?’ असा नाही, कारण त्यावर सगळी मुलं ‘हो’च म्हणतात. ‘पुढचा करायचा, थोडं थांबायचं, की बाहेर यायचं?’ असा. तीनही उत्तरं सारख्याच आवाजात उच्चारायची. संमतीचा कागद समजावताना एकदा तरी मुलाशी आईबाबा शेजारी नसताना बोलायचं. आई शेजारी असली की होकार बऱ्याचदा आईसाठी असतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हातातला तो रबरी चेंडू. प्रत्येक लॅबमध्ये मुलाला सांगतात, ‘काही वाटलं तर हा दाब.’ पण सरावाच्या मशीनमध्ये तो कधी दाबून पाहिलेला नसतो. मी नंतर असं करू लागले: सरावातच मुलाला आत असताना चेंडू दाबायला लावायचा, आणि दाबताक्षणी मशीन थांबवून त्याला बाहेर ओढायचं, हसतमुखाने. ‘बघ, थांबलं!’ दोनदा करायचं. काही पोरं मुद्दाम पाच-सहा वेळा दाबतात, दाबू द्यायचं. थांबवता येतं हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने अनुभवलंय, ते आत जास्त निर्धास्त राहतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

पैशांचंही बघ. तुमच्याकडे स्कॅन पूर्ण झाला तरच गिफ्ट कार्ड मिळतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. तसं असेल तर ते बदलून घ्यायला हवं. कुटुंबाचा वेळ गेला त्याचे पैसे, मूल मधेच बाहेर आलं तरी. नाहीतर ‘अरे, थोडंच राहिलंय’ म्हणणाऱ्या आईला दोष देता येत नाही. तिने सुट्टीचा दिवस किंवा एका दिवसाची मजुरी घातलेली असते.

एवढं करून प्रमुखांनी झटकून टाकलं तर? तशी शक्यता आहे, आणि तुझी भीती मी हलक्यात घेत नाही. पदवीनंतर काम करण्याची बारा महिन्यांची परवानगी आणि विज्ञान शाखांसाठी मिळणारे पुढचे चोवीस महिने, यांत नोकरीविना राहण्याचे दिवस मोजून मिळतात, वाढीव काळ धरून एकूण दीडशे. तू अजून याच परवानगीवर आहेस, तडकाफडकी राजीनामा देणं तुला परवडणारं नाही. पण ‘गप्प बसणं’ आणि ‘राजीनामा’ यांच्या मध्ये बरीच जागा आहे. पालक ज्या संमतीपत्रकावर सही करतात, त्यावर नैतिकता समितीचा, म्हणजे आयआरबीचा फोन नंबर छापलेला असतो. तो पालकांसाठी आहे तसा तुझ्यासाठीही आहे, आणि नाव न सांगता नुसता सल्लाही विचारता येतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधीच जाऊन ये. लॅब बदलली तर कोणते कागद, किती दिवसांत, हे समजून घे. माहिती हातात असली की प्रमुखांसमोर बोलताना आवाज कापत नाही. त्याच विद्यापीठात मुलांवर काम करणाऱ्या दुसऱ्या लॅब असतील, तिथल्या साहाय्यकांबरोबर एखादा चहा घे. मुलं परत येतात का, हे विचार. चांगली लॅब ओळखायची ती एवढ्यावर.

डेटा ॲनालिटिक्सबद्दल. तुला आकडे आवडत असतील तर जरूर जा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण तुझ्या पत्रात आकड्यांबद्दलची ओढ मला दिसली नाही. मुलांच्या समोरून उठून जावंसं वाटतंय, एवढं दिसलं. पळून गेलीस तर ते मोजे बरोबर येतील. आणि एक सांगू? तुला वाटते तशी ही दोन जगं वेगळी नाहीत. इथे राहूनच थोडं तिकडचं शीक. आठवड्यातून दोन तास माग, तुझ्याच हातच्या स्कॅनचा दर्जा तपासायला. कुठल्या चित्रावर वलयं आहेत, किती फ्रेम टाकून द्याव्या लागल्या, कुठल्या मुलाच्या कुठल्या मिनिटाला. मग त्याशेजारी तुझ्या वहीतली त्या दिवसाची नोंद ठेव. ज्या बाईने मूल पाहिलंय आणि जिला त्याचा आलेखही वाचता येतो, अशी माणसं या क्षेत्रात फार थोडी आहेत. डिसेंबरात पीएच.डी.चे अर्ज भरशील तेव्हा ‘मला मेंदूची आवड आहे’ हे सगळेच लिहितील. त्या नऊ मिनिटांबद्दल आणि त्यानंतर तू लॅबमध्ये काय बदललंस याबद्दल लिही. ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

पुण्या-नागपुराहून मला अधूनमधून विचारणा होते की मानसशास्त्र घेऊन मेंदूच्या संशोधनात शिरता येतं का. येतं, आणि त्यासाठी परदेशच हवा असं नाही. बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र इथे प्रकल्पांवर माणसं घेतात. निम्हान्सच्या पुढाकाराने झालेल्या सी-वेदा या मुलांच्या वाढीवरच्या भारत-ब्रिटन प्रकल्पात सहा ते तेवीस वर्षांची मुलं-मुली म्हैसूर, इंफाळ, चंडीगड, कोलकाता अशा ठिकाणांहून घेतली होती. मुलाखतीला जाल तेव्हा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते, याबरोबर हेही सांगा की तुम्ही बालवाडीत शिकवलंय, किंवा चुलत भावंडांचा गोतावळा सांभाळत वाढलात. ते कौशल्य आहे, लाजायची गोष्ट नाही.

माझ्याकडे एकदा एक मराठी कुटुंब आलं होतं. सहा वर्षांची मुलगी, आई, आणि गावाहून आलेली आजी. धातूची तपासणी करताना फ्रॉकखाली करदोटा निघाला, काळा गोफ आणि त्यात चांदीचे दोन मणी, एक छोटी पेटी. काहीही धातू आत न्यायचा नाही, हा नियम. आईने तर मंगळसूत्र न बोलता काढून डब्यात ठेवलं होतं. आजी मात्र हटून बसली. ‘बारशापासून उतरवला नाही.’ तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं, घड्याळ होतंच. मी आजींना सरावाच्या मशीनपाशी नेलं, आत हात घालायला लावला, आवाज ऐकवला. दहा मिनिटं गेली. मग त्यांनी स्वतःच गाठ सोडली आणि तो करदोटा आपल्या मनगटाला गुंडाळला. ‘पोर बाहेर येईस्तवर माझ्याकडे राहील,’ म्हणाल्या. पोर आत गेली आणि अर्धा तास अशी पडून राहिली की आम्ही थक्क झालो. त्या दहा मिनिटांची नोंद कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नाही. तुझ्या प्रोटोकॉलमध्ये असू दे.

राहिला तो मुलगा. ‘मी आणते त्याला’ असं त्याची आई म्हणाली आहे. तिला आणू देऊ नकोस. प्रमुखांशी बोलणं झालं की, त्यांच्या परवानगीने, तूच फोन कर. आईला सांग की मागच्या वेळी तो बाहेर यायचं म्हणाला होता आणि मी त्याला वेळ चुकीची सांगितली. त्याच्याशी बोलायला मिळालं तर त्यालाही एवढंच सांग: ‘मी दोन मिनिटं म्हणाले, नऊ होती. ते माझं चुकलं.’ लगेच पुढे ‘मग येशील ना?’ असं जोडू नकोस. तो आला नाही तर सहभाग थांबवल्याची नोंद कर, कुटुंबाला त्याचा त्रास होणार नाही हे बघ. मागच्या वर्षीच्या स्कॅनमधलं त्याच्या मेंदूचं चित्र त्याला दिलं होतं का तेही तपास. बऱ्याच लॅब मुलांना ते छापून देतात. राहिलं असेल तर परवानगी घेऊन पाकिटात घालून पाठव, आणि पाकिटावर नाव त्याच्या आईचं नको, त्याचं घाल.

तुझी,
ताई